चांदीचं उत्तर

१

परीक्षकांनी कानशीचे टोक ठोकळ्याच्या तळावरून एकदाच ओढले आणि चांदीच्या पापुद्र्याखालून पिवळी रेघ वर आली. पितळ उघडे पडणे हा वाक्प्रचार त्या प्रयोगशाळेत इतका शब्दशः कधी खरा झाला नव्हता. पण हसण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते. पहिल्या वर्षाच्या भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. वाफेच्या भांड्यांची झाकणे खडखडत होती, आणि खिडकीजवळच्या टेबलाशी एक मुलगी हातात थर्मामीटर धरून उभी होती.

परीक्षकांना हाक मारली होती ती तिनेच. "सर, पेटीवर चांदी लिहिलंय. पण ही चांदी नाही."

तो ठोकळा म्हणजे विभागाचे भूषण. विभागप्रमुखांच्या गुरूंनी महाविद्यालयाला दिलेला, मुठीत मावेल एवढा भरीव चांदीचा दंडगोल. विद्यार्थी तो वजन करून वाफेत तापवत, थंड पाण्यात सोडत आणि पाणी किती तापले ते पाहून चांदीचा विशिष्ट उष्मा काढत. म्हणजे तो धातू तापायला किती उष्णता खातो, त्याचे माप. पुस्तकात ते छापलेलेच आहे. मुलीचे उत्तर मात्र त्याच्या दीडपटीच्याही वर गेले होते.

परीक्षक बाहेरून आलेले, शिस्तीचे गृहस्थ होते. त्यांनी कोणावरही आवाज चढवला नाही. "सकाळपासून याच ठोकळ्यावर तिघांनी प्रयोग केला," ते म्हणाले. "तिघांचं उत्तर चांदीचं आलं. चौथी ही. हिचं पितळेचं. म्हणजे हिच्या हातात पडेपर्यंत ठोकळा चांदीचा होता."

या तर्काला कुठे फटच नव्हती. मागच्या टेबलावरून कोणीतरी पुटपुटले, "चोराच्या उलट्या बोंबा."

मुलीची पिशवी उलटी करण्यात आली. तिच्यात काही सापडले नाही, आणि तेही तिच्याच विरुद्ध गेले: साथीदार असणार. विभागप्रमुख दारात उभे होते. ते एक शब्दही बोलले नाहीत. संध्याकाळपर्यंत ठरले की शुक्रवारी समिती बसेल, मुलीला काढून टाकण्यात येईल, आणि तिच्या दाखल्यावर कारणासकट शेरा मारला जाईल. तसा दाखला घेऊन दुसऱ्या कुठल्याही महाविद्यालयाचे दार तिला उघडणार नव्हते.

२

रसायनशास्त्राच्या बाईंना विद्यार्थी पाठीमागे 'तुरटी' म्हणत. बाईंना ते ठाऊक होते आणि त्याचा त्यांना रागही नव्हता. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की ती काही ओरडत नाही, भांडत नाही. थोडा वेळ जाऊ दिला की गाळ आपसूक तळाला बसतो. बाईंची विचारपूस याच जातीची होती.

"भौतिकवाल्यांची चौकशी भौतिकवाल्यांनीच करणं बरं दिसत नाही," प्राचार्य म्हणाले. "तुमचं नाव त्यांच्या प्रमुखांनीच सुचवलं. तसं करण्यासारखं फार नाही. कागदोपत्री पूर्ण असावं, एवढंच."

मुलगी रसायनाच्या मागच्या खोलीत बसली होती. ती दुसऱ्या गावच्या महाविद्यालयातून सत्राच्या मध्येच आली होती, म्हणून वर्गात तिला अजून 'नवी' म्हणत. शेजारी तिची मावशी होती. लाँड्रीतून कामावरून थेट आलेली. इस्त्रीच्या वाफेने तिची बोटे पांढुरकी पडली होती.

"मी हिला म्हटलं होतं, कॉमर्स घे," मावशी म्हणाली. "तिकडं निदान थर्मामीटर नसतो."

"मावशी, तू गप्प बस ना."

"तू गप्प बसली असतीस तर मला बसता आलं असतं. तिघांनी लिहिलं तेच लिहायचं, पास व्हायचं, घरी यायचं. पण नाही. हिला जगाला शिकवायचंय."

बाईंनी मुलीकडे पाहिले. "ठोकळा हातात घेतल्यावर काही वाटलं का?"

"मी तो पहिल्यांदाच हातात घेतला, बाई. वाटणार काय? वजन केलं, तापवला, पाण्यात सोडला. उत्तर फार मोठं आलं. मला वाटलं माझंच चुकलं, म्हणून पुन्हा केलं. पुन्हा तेच आलं."

"मग तिघांचं उत्तर चांदीचं कसं आलं?"

मुलगी सावकाश म्हणाली, "म्हणजे खोटी मी, नाहीतर ते तिघं. आणि ते तिघं आहेत, बाई. मी एकटी."

३

परीक्षेची व्यवस्था पाहणारा तरुण अध्यापक याच वर्षी नोकरीला लागला होता. तो बोलताना सारखा रुमालाने चष्मा पुसत होता. "माझ्याकडं किल्ली नसते, बाई. ठोकळा सरांच्या कपाटात असतो. प्रॅक्टिकलच्या दिवशी ते काढून देतात."

"तुम्ही स्वतः कधी प्रयोग करून पाहिलात?"

"मी? मी कशाला? मुलांची रीडिंगं इतकी छान येतात…" तो थांबला आणि पुन्हा चष्मा पुसू लागला.

प्रयोगशाळेचे साहाय्यक नाना वाफेची भांडी रिकामी करत होते. इथल्या प्रत्येक नळाची तोटी त्यांच्या हाताखालून गेली होती. त्यांनी बाईंसाठी स्टूल पुसून पुढे केले. स्वतः मात्र उभेच राहिले.

"ठोकळ्याला आम्ही हात लावत नाही, बाई. साहेब स्वतः देतात, स्वतः घेतात. त्यांच्या गुरूची वस्तू. पूर्वी तर पहिल्या तासाला स्वतः प्रयोग करून दाखवायचे. आख्खा वर्ग टेबलाभोवती गोळा करायचे. पाणी हलवताना त्यांचा हात बघावा, तर जणू पाळणा हलवतायत."

"आता दाखवत नाहीत?"

"कधीच बंद केलं. म्हणाले, आवाज बसतो. आता मुलं आपली आपणच करतात. आणि मुलं काय, हुशार आहेत. पाणी पुरतं तापायच्या आतच उत्तर काढतात."

नाना हे हसत म्हणाले. बाई हसल्या नाहीत.

त्यांनी रिकामी पेटी मागून घेतली. मखमलीच्या अस्तरात ठोकळ्यापुरती खोबण होती आणि झाकणावर 'चांदी' असे कोरलेले होते. रसायनाच्या प्रयोगशाळेत, मुलामा चढवण्याच्या प्रयोगासाठी, तेवढ्याच मापाचा एक निकेल चढवलेला लोखंडी दंडगोल पडलेला होता. तो बाईंनी खोबणीत बसवला. असले काही करण्याची त्यांना सवय नव्हती, आणि झाकण मिटताना ते त्यांना जाणवले.

मग त्यांनी त्या तिघांना एकेक करून बोलावले.

४

पहिला आला तो वर्गात नेहमी पहिला येणारा. त्याला सगळे 'पहिला' असेच म्हणत, आणि आता त्याला ते नाव पेलावेही लागत होते.

"परीक्षेत केलास तोच प्रयोग कर," बाई म्हणाल्या. "घाई नाही."

मुलगा झाकणावरची अक्षरे वाचून कामाला लागला. त्याचे हात सफाईदार होते. वजन, वाफ, पाणी, सगळे जिथल्या तिथे. गरम दंडगोल पाण्यात सोडल्यावर त्याने थर्मामीटरकडे एकदा नजर टाकली आणि तो लिहायला बसला. पारा अजून चढतच होता. पाचच मिनिटांत त्याने कागद पुढे केला. उत्तर चांदीचे होते. पुस्तकापेक्षा किंचित कमी, खरे वाटावे इतकेच कमी.

दुसरा आला. त्याचेही चांदीच. तिसरी मुलगी जरा भोळी होती, तिने बाईंनाच विचारले, "थोडं जास्त लिहू का थोडं कमी?"

बाईंनी तिघांना एकत्र बसवले. टेबलाच्या खणातून एक लोहचुंबक काढला आणि दंडगोलाजवळ नेला. टक् असा आवाज करून तो चिकटला.

तिघांपैकी कोणी मान वर केली नाही.

"मी तुम्हाला काहीही सांगितलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "पेटीवर लिहिलं होतं तेवढंच."

शेवटी पहिला बोलला. "याला शिडी लावणं म्हणतात, बाई. उत्तर आधी ठेवायचं आणि खालून वर चढत जायचं. मग वजन, तापमान, सगळं बसवता येतं. वरच्या वर्गातली मुलं पहिल्याच आठवड्यात शिकवतात. सगळेच करतात."

"नवीला का नाही शिकवलं?"

"ती उशिरा आली," तो म्हणाला. "राहून गेलं."

५

परीक्षकांच्या तर्काचा पायाच निसटला होता. तिघांनी काही मोजलेच नव्हते. तेव्हा ठोकळा त्या सकाळी चांदीचा होता याला आता पुरावा उरला नाही. तो आदल्या दिवशी बदललेला असू शकत होता, किंवा आदल्या वर्षी, किंवा त्याच्याही आधी. बाईंनी हे प्राचार्यांना समजावून सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले, मान डोलावली आणि शांतपणे म्हणाले, "बरोबर. म्हणजे मुलगी नाही. म्हणजे नाना."

"नाना कशावरून?"

"इतकी वर्षं लॅबमध्ये दुसरं कोण आहे? तरुण अध्यापक काल आला. प्रमुख तर गुरूची वस्तू चोरणार नाहीत. समिती उद्याच आहे, बाई. कुणाचं तरी नाव लागेल."

बाई जिना उतरल्या. एकीची मान फासातून सोडवताना त्यांनी तो दुसऱ्याच्या गळ्याकडे सरकवला होता.

आपल्या खोलीत येऊन त्यांनी प्राचार्यांकडून मागून आणलेला खोटा ठोकळा उन्हात धरला. वरच्या बाजूला दोरा बांधायला एक बारीक कडी होती. तिच्या आतल्या अंगाला मुलाम्याचा मागमूस नव्हता. पितळ काळवंडून, दोऱ्याच्या घर्षणाने गुळगुळीत झाले होते. हे एका परीक्षेचे काम नव्हे. कितीतरी वर्गांनी हा ठोकळा दोऱ्याला टांगला होता. अदलाबदल जुनी होती.

मग त्यांनी तो तळहातावर तोलला. चांदी पितळेहून जड असते. एवढ्याच आकाराचा चांदीचा ठोकळा याच्यापेक्षा चांगला सव्वापट भरला असता. मुलांना तो फरक कळणार नाही, कारण त्यांनी खरा कधी धरलाच नव्हता. नानांना कळणार नाही, कारण त्यांना हात लावायची मुभा नव्हती. खरा ठोकळा आयुष्यभर ज्याच्या हातात राहिला असा माणूस एकच होता. तो प्रत्येक प्रॅक्टिकलला ठोकळा स्वतः देत होता, स्वतः घेत होता. दुसऱ्या कोणी बदलला असता तर त्याच्या हाताला ते पहिल्याच दिवशी कळले असते. आणि कळूनही तो गप्प राहिला असता, तर त्याचा अर्थ एकच निघत होता.

एक गोष्ट तरीही बसत नव्हती. त्याने वर्गापुढे प्रयोग करून दाखवणे का बंद केले? आवाज बसतो म्हणून? त्या प्रयोगात बोलण्यापेक्षा पाहणेच जास्त असते.

बाई ठोकळा हातात घेऊन तशाच बसून राहिल्या. मग त्यांना उमगले. पितळेचा ठोकळा घेऊन वर्गापुढे चांदीचे उत्तर काढायचे तर शिडी लावावी लागते. आणि तो माणूस स्वतःच्या हाताने शिडी लावू शकत नव्हता.

६

विभागप्रमुखांच्या खोलीचे दार उघडेच होते. त्यांनी बाईंच्या हातातल्या ठोकळ्याकडे पाहिले, काही न विचारता टेबलाचा खण ओढला आणि रुमालात गुंडाळलेला दुसरा ठोकळा समोर ठेवला. खणाला कुलूपसुद्धा नव्हते.

"बसा, बाई. तुम्ही पहिल्याच दिवशी याल असं वाटलं होतं."

"माझं नाव तुम्ही सुचवलंत, ते यासाठी?"

"मला स्वतःहून बोलायला जमत नव्हतं. कुणीतरी येऊन विचारावं, असं वाटत होतं."

त्यांनी सांगितले ते थोडक्यात. मुलांची उत्तरे फार सुबक येऊ लागली, तेव्हा त्यांना शंका आली. त्यांचे गुरू म्हणत, चुकलेलं रीडिंग हे प्रामाणिक माणसाची सही असते. शहानिशा करायला त्यांनी स्वतः कार्यशाळेत लेथवर पितळेचा ठोकळा कातला आणि त्याला मुलामा चढवून घेतला. आठवड्याभरात कोणीतरी येऊन म्हणेल, सर, हे चुकतंय. मग खरा ठोकळा बाहेर काढायचा आणि त्या मुलाला सगळ्यांपुढे शाबासकी द्यायची, असे त्यांनी योजले होते.

"कुणी आलं नाही?"

"कुणी आलं नाही. पहिल्या वर्षी मी वाट पाहिली. दुसऱ्या वर्षी चिडलो. तिसऱ्या वर्षी लक्षात आलं, की त्या सगळ्या खोट्या उत्तरांखाली माझ्याच सह्या आहेत. खरं बाहेर काढायचं तर आधी मलाच दोषी म्हणून उभं राहावं लागलं असतं. मी परीक्षा घेत नव्हतो, बाई. मी लपत होतो."

"आणि ती मुलगी बोलली तेव्हा?"

त्यांनी खऱ्या ठोकळ्यावरून बोट फिरवले. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी बोललं. मी दारात होतो. तिनं मान वर करून सांगितलं, आणि मी खाली घातली."

"तुम्ही तिला चोर ठरू दिलंत."

"हो."

या 'हो'ला कुठलीही सबब जोडलेली नव्हती. बाईंना त्या माणसाचा राग आला होता, आणि तो ओसरायला अजून बराच अवकाश होता. पण त्या 'हो'पाशी त्या थबकल्या.

"उद्या समिती आहे," त्या उठत म्हणाल्या. "प्राचार्य नानांचं नाव घेणार आहेत. त्यांच्याआधी तुम्ही बोला. नाही बोललात, तर मी बोलेन. पण त्या मुलीनं ते माझ्या तोंडून ऐकणं आणि तुमच्या तोंडून ऐकणं, यात फरक आहे."

७

ते बोलले. समितीच्या टेबलावर त्यांनी दोन्ही ठोकळे शेजारी शेजारी ठेवले आणि उभ्यानेच सगळे सांगितले. आपण पद सोडत आहोत, हेही सांगितले. मग ते भिंतीला लागून बसलेल्या मुलीकडे वळले आणि हात जोडले.

मुलीने नमस्कार घेतला नाही की नाकारला नाही. "सर, पहिल्याच वर्षी कुणी बोललं असतं तर?" तिने विचारले.

"सगळ्या कॉलेजपुढे शाबासकी दिली असती."

"म्हणजे मी चुकीच्या वर्षी आले."

मावशी, जिला आत येऊ नका असे दोनदा सांगितले होते, दाराशी उभी राहून पदराने नाक पुसत होती.

मुलीवरचा आरोप त्याच दुपारी मागे घेतला गेला, नानांचे नाव कुठेच आले नाही, आणि पहिल्या वर्षाची सगळी प्रात्यक्षिक परीक्षा रद्द झाली. फेरपरीक्षा पुढच्या महिन्यात. त्याआधी सरावासाठी प्रयोगशाळा रोज उघडी. या वेळी ठोकळ्यांवर नावे नसणार होती. तरुण अध्यापकाने बाजारातून निरनिराळ्या धातूंचे तुकडे आणून त्यांवर रंग दिला होता. कुठल्या रंगाखाली काय आहे, ते त्याने स्वतः आधी मोजून पाहिले होते, आणि त्यासाठी तो दोन रविवार घरी गेला नव्हता.

निर्दोष ठरल्याने मुलगी कोणाची लाडकी झाली नाही. उलट वर्गाने तिच्याशी बोलणेच सोडले. सुट्टी हिच्यामुळं गेली, निकाल हिच्यामुळं अडला, 'आली मोठी सत्यवादी' असे टोमणे ऐकू येत. ती खिडकीजवळच्या टेबलाशी एकटीच प्रयोग करी.

एका दुपारी बाई तिथून जाताना दारात थांबल्या. आत वीस-पंचवीस मुले होती आणि कधी नव्हे इतकी शांतता होती. कोणाकडे उत्तर नव्हते. एक जण तराजूच्या काट्याकडे डोळे ताणून पाहत होता. दुसरा सांडलेले पाणी पुसून नव्याने मोजत होता. भोळी मुलगी रडवेली होऊन म्हणत होती, "दर वेळी वेगळंच येतंय," आणि तिची मैत्रीण म्हणत होती, "माझंही."

पहिला आपल्या टेबलावरून उठला. दोन पावले गेला, परतला, पुन्हा उठला. शेवटी खिडकीजवळ जाऊन मुलीसमोर उभा राहिला. सगळ्या वर्गाचे कान तिकडे लागले होते, आणि त्याला ते ठाऊक होते.

"एक विचारायचंय," तो म्हणाला.

मुलीने वर पाहिले नाही. "विचार."

"ठोकळा पाण्यात टाकल्यावर पारा चढतो, मग थोडा उतरतो." त्याचा आवाज अगदी खाली आला. "कधीचं तापमान लिहायचं? मी कधी… मला नाही माहीत."

मुलीने आपले काम थांबवले. तो थट्टा करतोय की काय, हे तिने क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर पाहिले. मग शेजारचे स्टूल पायाने थोडे सरकवले.

"तुझा कॅलरीमीटर इकडं आण," ती म्हणाली. "आणि पाणी हलवत राहा. डोळे काढू नकोस. जिथून उतरायला लागेल, त्याच्या आधीचं."

तो जाऊन भांडे घेऊन आला. दोघांची डोकी थर्मामीटरवर वाकली.

"थांबला," तो म्हणाला.

"नाही," मुलगी म्हणाली. "अजून चढतोय."